पागेपाशी थांबणारी मुक्कामी गाडी

भोरला कुणी पाहुणे आले की त्यांना राजवाडा बघायचा असतो. त्यात त्यांची चूक नाही. सिनेमावाल्यांनी त्या वाड्याचे जिने आणि चौक इतक्या वेळा पडद्यावर आणलेत, की कापूरहोळला हायवे सोडून आत वळणारी निम्मी माणसं "शूटिंग कुठं होतं हो?" असं विचारतच येतात. मीही त्यांना हौसेनं वाडा दाखवते, नदीचा घाट दाखवते, आणि मग माझे पाय आपोआप पागेकडे वळतात. तिथं पाहुण्यांचे चेहरे उतरतात. पागा म्हणजे संस्थानच्या घोड्यांची जागा. लांबलचक दगडी इमारत, वर कौलं, भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या, पुढं तांबड्या मातीचं मैदान, आणि रस्त्याच्या बाजूला कंबरभर भिंतीला चिकटून घोड्यांना पाणी पाजायचा दगडी हौद. पुण्याहून आलेले एक पाहुणे जुन्या इमारतींचेच जाणकार होते. त्यांनी कमानींवरून नजर फिरवली आणि "हे काही विशेष नाही" असं सांगून टाकलं. मी त्यांना त्या दिवशी चहा विचारला नाही.

विशेष कसं नाही? त्या कड्यांना आम्ही पोरींनी दप्तरं अडकवली आहेत. त्या हौदावर मी फुटलेले गुडघे धुतले आहेत. पागेच्या कडेच्या दोन खोल्यांत आमच्या कॉलेजचं खेळाचं सामान असायचं आणि मैदानावर खो-खोचे दोन खांब. आज मी शाळेत पोरींना खेळ शिकवून पोट भरते ते त्या मैदानामुळे, आणि ते मैदान मला मिळालं एका एसटीमुळे. राजवाडा राजानं बांधला, ठीक आहे. पण माझ्यासाठी पागा उघडणारी माणसं वेगळी होती. त्यांचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला ते फेडायचेही नाहीत. काही उपकार अंगावर असलेलेच बरे वाटतात.

आमचं घर हिर्डोशीला, वरंध घाटाच्या वाटेवर. भात, नाचणी, चार जनावरं, आणि गाडी थांबते तिथून ओढा ओलांडून थोडं वर चढलं की घर. बारावीनंतर मला भोरच्या कॉलेजात घालायला आबा, म्हणजे माझे वडील, तयार नव्हते. आई महिनाभर त्यांच्या मागं लागली तेव्हा कुठं ते कबूल झाले, तेही अट घालून. सकाळच्या गाडीनं जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. "ज्या दिशी गाडीत दिसली न्हाईस, त्या दिशी कालेज संपलं," ते म्हणाले. आणि कॉलेज म्हणजे पुस्तकं. खेळबिळ, नाचबिच काही चालणार नाही. आबा उगाच दम देणाऱ्यातले नव्हते. त्यांनी एकदा सांगितलं की ती दगडावरची रेघ. आमच्या भावकीतल्या एका पोरीची शाळा अशीच एका संध्याकाळी सुटलेली मी पाहिली होती, त्यामुळं गाडीची अट मी देवाच्या आणेसारखी धरली होती.

संध्याकाळची ही गाडी मुक्कामी होती. साडेपाचला भोरहून सुटायची, रात्री आमच्या गावात थांबायची आणि सकाळी पहिली फेरी घेऊन परत जायची. ड्रायव्हर आणि कंडक्टर रात्री देवळात झोपायचे. कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात. त्या दोघांच्या जेवणाची गावात पाळी लागायची, आज ह्या घरी तर उद्या त्या घरी. कुणी कुणाला आठवण करून द्यावी लागत नसे. शहरातल्या लोकांना हे सांगितलं की ते विचारतात, महामंडळानं असा नियम केलाय का? नियम कसला आलाय. दारात गाडी मुक्कामाला येते, तिचा माणूस उपाशी झोपवायचा का?

खो-खोचा सराव सुरू व्हायचा पाच वाजता. आमचे सर दुसऱ्या एका शाळेतली नोकरी संपवून सायकलवर यायचे, त्याआधी त्यांना जमत नसे. सकाळी तेच मैदान पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी व्यापलेलं असायचं. खेळबिळ चालणार नाही हे ठाऊक असूनही मला राहवलं नाही आणि मी सरांना भेटले. त्यांनी मला एकदा ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत पळवलं, माझ्याकडं बघत राहिले आणि मग गाडीची अडचण ऐकून म्हणाले, "पळतेस छान. पण सराव अर्ध्यावर टाकून जाणारी खेळाडू मला नको. बाकीच्या पोरींनी काय करायचं?" त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला. त्यानंतर मी रोज भिंतीवर बसून बघायचे. वेल्ह्याकडच्या दोन पोरी होत्या संघात, भोरला नातेवाइकांकडं राहायच्या. डोंगर चढून चढून पाय असे काटक झालेले, की हाताला लागायच्याच नाहीत. त्यांना बघताना माझे पाय भिंतीवरून आपोआप हलायचे.

एके दिवशी बघता बघता भान राहिलं नाही. स्टँडवर पोचले तर गाडी फाटकातून बाहेर पडत होती. मी ओरडले, पण आठवडी बाजाराच्या गलबल्यात कोण ऐकतंय! मग ओढणी कमरेला बांधली आणि पळाले. बाजारातून, भाजीवाल्यांच्या पाट्या चुकवत, पुलापर्यंत. ड्रायव्हरला आरशात एक पोरगी गाडीमागं धावताना दिसली आणि त्यानं ब्रेक मारला. मी पायरीवर चढले तेव्हा सगळी गाडी माझ्याकडं बघत होती.

"एवढी पळतीस तर खेळत का न्हाईस?" मास्तरांनी तिकीट फाडता फाडता विचारलं.

मी धापा टाकत होते, रडूही येत होतं, आणि आधी कधीच कुणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. आबांची अट, सरांचं म्हणणं, सगळं. ड्रायव्हर पुढं बघून गाडी चालवत होता. तो आमच्याकडचाच, भोंगवलीकडच्या शेतकरी घरातला माणूस, बोलणं फार कमी. त्यानं एवढंच विचारलं, "मैदान कंचं? पागेम्होरलं?"

दुसऱ्या दिवशी, उतरताना मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे, मी स्टँडवर न जाता भिंतीवरच बसले होते, तर आमची गाडी चौकातल्या नेहमीच्या रस्त्यानं न जाता मैदानामागच्या गल्लीतून डुलत डुलत आली आणि हौदापाशी थांबली. ड्रायव्हर उतरला, त्यानं कॅन हौदाच्या नळाला लावला आणि बॉनेट उघडलं. "इंजन तापलंय," त्यानं जाहीर केलं. स्टँडपासून तिथवर गाडी फर्लांगभरही चालली नव्हती. मास्तर खिडकीतून मला म्हणाले, "बघत काय बसलीस? पानी घालायला येळ लागतो. जा, खेळ."

अशी सुरुवात झाली. गाडी स्टँडवरून वेळेत सुटायची, पागेपाशी यायची आणि घोड्यांच्या हौदावर निवांत पाणी प्यायची. तेवढ्यात आमचा सराव उरकायचा. सरांनी मला संघात घेतलं आणि पळायचे डाव आधी, व्यायाम नंतर असा सरावाचा क्रमच फिरवला.

आता गाडीतल्या बाकीच्यांचं काय, असं कुणीही विचारेल. दिवसभर बाजार करून थकलेली माणसं, त्यांना घरी जायची घाई. पहिले दोन दिवस कुरकुर झालीच. तिसऱ्या दिवशी धनगरवाड्यावरच्या एक आजी गुडघे मोकळे करायला म्हणून खाली उतरल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांचं आयुष्य शेरडामेंढरांमागं गेलेलं. पळणाऱ्याला कसं अडवायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. थोडा वेळ त्यांनी बघितलं आणि मग त्यांना राहवेना. "आगं, तिच्या मागं मागं काय पळतीस? तिला कडंला दाब, कडंला!" सरांनी शिट्टी तोंडातून काढली, भिंतीकडं बघितलं आणि आम्हाला म्हणाले, "आजी सांगतायत तेच मी महिनाभर सांगतोय."

झालं! त्यानंतर गाडी थांबली की सगळेच उतरायला लागले. भिंतीवर ओळीनं पिशव्या, ओळीनं माणसं. कुणी शेंगा काढायचं, कुणी सरांना न विचारता सल्ले द्यायचं. आम्ही कधी चांगला गडी टिपला की भिंतीवरून "व्हय गं वाघिणी!" असा ओरडा व्हायचा आणि मी लाजून चूर व्हायचे. एवढे प्रेक्षक तर जिल्ह्याच्या सामन्यांनाही नसतात. आणि ह्या सगळ्यांपैकी एकानंही गावात आबांच्या कानावर काही घातलं नाही. कुणी शपथ घेतली नव्हती, कुणी कुणाला बजावलं नव्हतं. गावात तेव्हा मोबाईलला रेंज नव्हती हे एक बरं होतं, पण तोंडाला रेंज लागत नाही. तरीही कुणी बोललं नाही. माझ्यासारख्या पोरीसाठी एवढी माणसं गप्प राहिली.

मात्र गप्प राहणं वेगळं आणि खोटं बोलता येणं वेगळं. दिवाळी झाली, दिवस लहान झाले, आणि गाडी गावात अंधारात पोचायला लागली. घरोघर विचारणा सुरू झाली, आज उशीर कशानं? आमच्या माणसांना खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळं ज्याला जे सुचलं ते त्यानं सांगितलं, आणि आपसात ठरवून सांगावं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. एका दिवशी सकाळी आबा गिरणीवर दळण घेऊन गेले. आदल्या दिवशीच्या उशिराचा विषय निघाला. एक म्हणाला टायर पंक्चर झालं होतं. दुसरा म्हणाला, पुलावर म्हशी आडव्या आल्या होत्या. तिसऱ्यानं ड्रायव्हरचं पोट बिघडवलं, आणि चौथ्यानं, तो बिचारा सर्वांत प्रामाणिक, इंजिन तापल्याचं सांगितलं. आबा दळण तसंच ठेवून घरी आले. "एका गाडीला एका दिशी चार रोग!" ते आईला म्हणाले. "ह्यात कायतरी हाय. म्या सवता बघतो."

मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी कॉलेजात होते. आबा दुपारी कुणाच्या तरी टेम्पोतून भोरला आले, डेपोत जाऊन गाडी उशिरा येते अशी तोंडी तक्रार केली, आणि साडेपाचच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर येऊन बसले. पुढचं मला मास्तरांनी नंतर सांगितलं. आबा चढले तशी गाडी चिडीचूप झाली. मास्तरांनी डबल घंटी मारली. आता ड्रायव्हरपुढं दोनच रस्ते होते. चौकातून सरळ गेला तर तो वाचला, पण मी मागं राहिले, आणि मी गाडीत दिसले नाही तर माझं कॉलेज त्याच संध्याकाळी संपलं. गल्लीतून गेला तर तक्रार करणारा माणूसच पाठीशी बसलेला, आणि नोकरीवर डाग. मास्तर म्हणाले, "चौकात त्यो जरा थांबला. आरशातनं तुझ्या बापाकडं बगितलं. आन् ष्टेरिंग फिरावलं."

गाडी हौदापाशी आली तेव्हा माझा मारायचा, म्हणजे पाठलागाचा, डाव चालू होता. खो-खोत बसलेला गडी उठला की एकदा ज्या बाजूला तोंड केलं त्याच बाजूला पळायचं असतं. खांबाला वळसा घातल्याशिवाय मागं फिरता येत नाही, फिरलं की फाऊल. हे पहिल्या दिवशी शिकवतात. मला खो मिळाला, मी उठले, वेल्ह्याची पोरगी माझ्यापुढं हातभर अंतरावर होती. आणि समोर, गाडीच्या पहिल्या खिडकीत, आबा. मी गर्रकन मागं वळले आणि पळायला लागले. कुठं पळत होते ते माझं मलाच कळलं नाही. सरांनी जोरात शिट्टी वाजवली. भिंतीपाशी त्या दिवशी कुणीही उतरलं नव्हतं.

ड्रायव्हरनं मात्र नेहमीसारखं बॉनेट उघडलं आणि पाणी घातलं. मी दप्तर घेतलं आणि गाडीत चढले. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही.

आणि जेवणाची पाळी त्या रात्री आमच्याच घरी होती! उतरल्या उतरल्या ड्रायव्हरनं कुणाला तरी सांगितलं म्हणे, की आज भूक नाही, बिस्किटं हायेत. आबांनी घरी येऊन हातपाय धुतले, आईला दोन ताटं वाढायला सांगितली आणि स्वतः देवळात जाऊन त्या दोघांना घेऊन आले. आईनं पिठलं, नाचणीची भाकरी, भात केला होता. मी चुलीपाशी बसले होते. सगळे खाली मान घालून जेवत होते.

शेवटी ड्रायव्हरच बोलला. त्याचं एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. "आबा, गाडी म्या थांबवतो. तक्रार करायची तर माझ्या एकट्याची करा. मास्तरचं नाव नगा घेऊ."

"घंटी मी मारतो," मास्तर म्हणाले. "मी न्हाई मारली तर ह्यो कसा थांबंल?"

"भात घ्या," आबा म्हणाले.

आईनं भात वाढला. वाढता वाढता, कुणाकडं न बघता ती म्हणाली, "मला ठावं हुतं. रोज हिची तांबडी झालेली सलवार मीच धुती."

आबांचा हात ताटात थांबला. "म्हंजे साऱ्या गावात येडा एकटा मीच," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. मग ड्रायव्हरला म्हणाले, "माझी तक्रार येळंची हुती. पोरगी अंधारात उतरती, एकटी वढा वलांडती. मला वाटलं गाडीत कायतर बिघाड हाय आन् तुमी लोकं झाकताय." त्यांनी हात धुतला, पाहुण्यांना सुपारी दिली आणि गोठ्यात निघून गेले. माझं काय, ते कुणीच बोललं नाही आणि मला विचारायची छाती झाली नाही. त्या रात्री मी पडल्या पडल्या कॉलेजचा निरोप घेऊन टाकला. सरांचा, पागेचा, वेल्ह्याच्या त्या दोघींचासुद्धा.

सकाळी आईनं डबा भरून हातात दिला. आबा आधीच शेतावर गेले होते. नको म्हणाले नव्हते, जा म्हणाले नव्हते. गाडीत चढले तर सगळ्यांनी एकदमच विचारलं, "काय म्हणलं आबा?" "काय न्हाई," मी म्हणाले. धनगरवाड्यावरच्या आजींनी मला शेजारी ओढून बसवलं आणि माझा हात हातात धरून ठेवला. संध्याकाळी गाडी थांबेल की नाही, मी मैदानावर जावं की नाही, दोन्ही मला ठाऊक नव्हतं. पण पाच वाजता पाय पागेकडेच गेले, आणि थोड्या वेळानं गाडी गल्लीतून आली. ड्रायव्हरनं कॅन काढला. माणसं उतरून भिंतीवर बसली. त्या दिवशी मी जीव तोडून खेळले. कदाचित शेवटचं असेल, असंच मनात होतं.

गावात उतरले तेव्हा अंधार पडला होता आणि थांब्यावर आबा बॅटरी घेऊन उभे होते. ते मला न्यायला आधी कधी आले नव्हते. ते वाटेला लागले, मी मागं. थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं, "काल त्या खेळाच्या मास्तरानं शिट्टी कशापायी मारली?"

"फाऊल झाला आबा. मागं वळले म्हणून."

"वळायचं नसतं?"

"न्हाई. एकदा निघालं की खांबापर्यंत जायचंच."

ते चालत राहिले. "हे तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मंग का वळलीस?"

"तुमी दिसलात म्हणून."

आबा थांबले. ओढा आला होता. त्यांनी बॅटरी माझ्या पायापुढच्या दगडावर धरली आणि मला पुढं केलं. "म्या दिसलो तरी वळायचं न्हाई," ते म्हणाले.